गोणीवरचा त्रिशूळ

कासवगडावर दुपारी ओहोटी लागली की होडी येत नाही. मग गाईडनं करायचं काय? गुणाजी कुबल दरवाजातल्या देवडीवर पंचा टाकतो आणि आडवा होतो. डोळा लागतोय न लागतोय, तोवर पायाशी कुणीतरी खाकरतं.

दाऊदचाचा! या गडाचे जुने गाईड. गुणाजीला सगळं शिकवलं ते यांनीच. शिमग्याच्या सुमाराला वारले. गुणाजीचं घर तीन दारं सोडून, पण मयताला गेला नाही. जायला तोंड कुठं होतं त्याला?

"सरक रे," चाचा म्हणतात. "सगळी देवडी अडवलीस."

गुणाजी सरकतो तर देवडी डुलते. अंगाखाली दगड नाही, फळ्या आहेत. गलबत आहे की हे! चहूकडं गोण्यांची थप्पी, आणि मिरीचा असला वास की नाक झणझणतं.

"चाचा, मला तुमच्याशी बोलायचं होतं."

"आता? जिता होतो तेव्हा दाराला कडी नव्हती माझ्या." चाचा गोणीवर बसतात. "आधी सांग, गाईड ना तू? दिल्लीच्या बादशहाकडं फौज किती?"

"मोप. मोजायची सोय नाही."

"आणि टोपीकराकडं?"

"मूठभर. दर्यापारचे गोरे ते."

"मग बादशहाकडचं जहाज हजला निघालं की दस्तक कुणाचं घ्यायचं?"

दस्तक म्हणजे दर्यात फिरायचा परवाना. गुणाजीची मान खाली जाते. "टोपीकराचं. जमिनीवर फौज बादशहाची, दर्यात तोफा यांच्या."

"आणि तोफा घेऊन एवढ्या लांब कशापायी आले?"

गुणाजी गोण्यांकडं बोट करतो.

"येतंय की सगळं, गाढवा! मग थापा कशाला मारतोस?"

प्रत्येक गोणीवर काळी खूण आहे. उभी रेघ, वर तीन फाटे. गडावरच्या तोफेवर हीच कोरलीय. चाचा लोकांना सांगायचे, ही टोपीकर व्यापाऱ्याची खूण, गोणीवर तीच अन् तोफेवर तीच, माल आणि मार एकाच घरचा. गुणाजीनं तिचा त्रिशूळ केला. लोकांना आवडला. कुंकू वाहायला लागले.

एकाएकी गोण्या नाहीत. बुरूज आहे, ऊन आहे, माणसं आहेत. तोच दिवस. चष्म्यातला माणूस विचारतोय, "हे म्हातारबाबा तर व्यापाऱ्याची खूण म्हणतात?"

गुणाजीला ठाऊक आहे पुढं काय येणार. तो ओठ दाबून धरतो. तरी शब्द निसटतातच, अगदी हसत हसत. "त्यांचं काय मनावर घेता? नाव दाऊद त्यांचं. त्यांना त्रिशूळ कसा दिसेल?"

माणसं खो खो हसतात. चाचा पायऱ्या उतरून होडीकडं जातात. त्या दिवसानंतर ते गड चढले नव्हते.

"चाचा, थांबा!" गुणाजी धावतो. पायऱ्या संपतच नाहीत.

चाचा वळतात. "आज तरी ते शब्द गिळशील वाटलं होतं रे."

"शिव्या घाला मला. मारा."

"मेलेल्याच्या हाताला जोर कुठला? तोंड उघड." ते त्याच्या जिभेवर काहीतरी ठेवतात. "चाव."

"ओ काका! उठा की!"

भरती आलीय, होडी लागलीय. समोर बाई उभी, हातात कुंकवाची पुडी. "तो तोफेवरचा त्रिशूळ कुठं आहे?"

गुणाजीची जीभ पेटलीय. डोळ्यांत पाणी. "त्रिशूळ नाही तो, ताई. व्यापाऱ्याची खूण आहे. दाऊदचाचा सांगायचे."

"कोण दाऊदचाचा?"

गुणाजी तोंडातलं तळहातावर काढतो. मिरीचा दाणा. चावलेला, ओला. गडावर चहाची टपरीसुद्धा नाही, मिरी येणार कुठून?

तो मूठ मिटतो. "बसा," म्हणतो. "सांगतो. ऐकल्यावर माझ्याबरोबर गड बघायचा का नाही, तुमचं तुम्ही ठरवा."