लॉरीच्या पोटातला तुकडा

लॉरी आजारी पडली की इरप्पा मिस्त्री आधी तिच्या ड्रायव्हरला हाताला धरून लांब लिंबाखाली नेत. तक्रार ऐकायची ती तिथे बसून, तीही हळू आवाजात. "तिच्यादेखत सांगू नका. ऐकलं तर आणखी अंगात आणती," हे त्यांचं कारण. मग उलटतपासणी सुरू होई. आवाज चढावर येतो का उतारावर? गार असताना येतो का तापल्यावर? धूर काळा का निळा? आणि शेवटी, आवाज सुरू व्हायच्या आधी तुमचं कुणाशी भांडण झालं होतं का? हा शेवटचा प्रश्न कशाला, असं मी एकदा विचारलं. "भांडलेला माणूस गाडी हाकीत न्हाय तम्मा, हाणतो," ते म्हणाले. लहान भावाला म्हणतात तसं कानडीत ते मला तम्मा म्हणत.

मिस्त्रींना जाऊन आता फार वर्षं झाली. मी सांगतोय ते निजामाच्या राज्यातलं, मोठ्या लढाईच्या दिवसांतलं. उमरग्यात हैदराबाद रस्त्याच्या कडेला त्यांचा पत्र्याचा आडोसा होता. नवा सुटा भाग मिळणं दुरापास्त. सोलापूरहून कुणी आणलाच तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून आणायचा. त्यामुळे मेलेल्या गाड्यांचे अवयव काढून ठेवायचे आणि जित्या गाड्यांना बसवायचे, असा त्यांचा धंदा चाले. अंगाने काटकुळे, मिशा मात्र दोघांना पुरतील एवढ्या. स्वतःबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं आणि ते कुणापासून लपवून ठेवत नसत. "हैदराबादेपातुर माझ्यासारखा कान न्हाय," असं ते सांगत. हैदराबादला ते कधी गेलेले नव्हते.

कानाचं मात्र खरं होतं. चालू इंजिनाला लाकडी दांडक्याचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि एकेक प्लग बंद करत जायचं. ज्या प्लगला खडखड थांबे तिथे बोट ठेवून ते म्हणत, "ही बघा, चोरटी घावली." कुणी शेजारून "बेअरिंग गेल्यासारखं वाटतंय" असं म्हणालं की त्यांचं डोकं फिरे. "वाटतंय म्हणणाऱ्यानं हातात पाना धरू न्हाय."

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. इंजिनाच्या आत काही मोडलेलं सापडलं की त्याचे सगळे तुकडे धुऊन-पुसून जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर मांडायचे आणि एकमेकांना जुळवून वस्तू पुरी करायची. एक तुकडा जरी कमी पडला तरी इंजिन मिटवायचं नाही. "ऱ्हायलेला तुकडा पोटातच आसतो. पोटात लोखंड ठिऊन वरनं शिवायचं म्हंजे खून हाय." एरवी मराठी बोलणारे मिस्त्री अशा वेळी नकार मात्र कानडीत देत. एकदा "इल्ला" म्हणाले की मग मालकाचंच काय, तहसीलदाराचंही काही चाललं नसतं.

हा नियम माझ्या लग्नात आडवा आला. आमच्या काकांची लॉरी होती, आडतीचा माल वाहून वाहून खिळखिळी झालेली. मुलगी लोहारा गावची. वऱ्हाड म्हणजे बैलगाड्या, असा तो काळ. पण काकांनी सुपारी फुटतानाच व्याह्यांना सांगून टाकलं होतं की आमची मंडळी लॉरीतून येतील. आणि लग्नाच्या आदल्या सकाळी लॉरीने दारातच निळा धूर सोडला आणि मान टाकली.

मिस्त्री आले. त्यांनी ड्रायव्हरला लिंबाखाली नेलं, परत आणलं, हँडल फिरवून पाहिलं आणि मग काकांना फिरवायला लावलं. "तीनदा हाताला जोर लागतोय, चौथ्यांदा फुकट जातंय. कळलं का?" काकांना काहीही कळलं नाही, पण ते जोरात "व्हय" म्हणाले.

"आत रिंग तुट..." एवढं मिस्त्रींनी उच्चारलं आणि ओसरीवरून आत्या कडाडली. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण, त्या लग्नघराची मुखत्यार. "लग्नाच्या दारात तुटलं-फुटलं म्हणायचं न्हाय, सांगून ठिवते."

मिस्त्री ओसरीकडे वळले. मग अदबीने म्हणाले, "अक्का, रिंगेला बरं न्हाय."

इंजिन उघडलं. पिस्टन बाहेर आला. त्याच्या गळ्यातल्या लोखंडी रिंगेचे तुकडे झाले होते. मिस्त्रींनी ते रॉकेलने धुतले, धोतरावर मांडले आणि उरलेले शोधायला ते लॉरीखाली शिरले. इकडे मला हळद लागली, मनगटाला कंकण बांधलं गेलं. बदली रिंग मिस्त्रींच्या संग्रहात होती, तीही आली. दुपारी ते तुकडे जुळवायला बसले, आणि नखाएवढी जागा मोकळी राहिली.

चेंबरमधलं तेल दुसऱ्या फडक्यातून गाळलं. काही नाही. नटूनथटून वऱ्हाड दारात बसलेलं. काका अजिजीने म्हणाले, "दुसरी रिंग हाय न्हवं? बसवा आन् मिटवा की."

"इल्ला."

नाक मुठीत धरून बैलगाड्याच जुंपाव्यात, असं काकांच्या मनाने घेईपर्यंत दुपार कलली. आता एवढ्या गाड्या गोळा करून जुंपेपर्यंत मध्यरात्र होईल आणि सकाळच्या मुहूर्ताला पोचणं व्हायचं नाही, असं गाडीवानानेच सांगितलं. माझं लग्न त्या नखाएवढ्या लोखंडावर येऊन अडलं. सगळं वऱ्हाड वाकून धूळ चाळू लागलं. माझंच लग्न, तेव्हा मीही हळदीच्या अंगाने गुडघे टेकले. ते पाहून आत्या धावत आली.

"एवढ्याशा लोखंडापायी नवरदेवाला धुळीत लोळवताय व्हय? तिथला एक तुकडा तर मीच उचललाय. कुणाला कळलं तरी का?"

सगळे उठून उभे राहिले. हळदीच्या अंगाला दृष्ट लागू नये म्हणून कंकणात लोखंड बांधायची आमच्यात रीत. आत्या लोखंड शोधत होती, आणि इतकं स्वच्छ धुऊन पांढऱ्या धोतरावर मांडलेलं लोखंड त्या घरात दुसरं कुठे असणार? म्हणजे मी धुळीत शोधत होतो तो तुकडा माझ्याच मनगटावर होता.

"सोडा कंकण," मिस्त्री म्हणाले.

"लगीन लागूस्तोर सुटायचं न्हाय."

"तुकडा बघितल्याबिगर इंजिन मिटायचं न्हाय. तिथनं दुसऱ्याच कशाचा तुकडा उचलला आसला तर?"

दोघंही माघार घेणारी नव्हती. काका एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत उभे. शेवटी मिस्त्री माझ्यासमोर मांडी घालून बसले. माझं मनगट धरून, डोळे मिटून ते कंकणाच्या फडक्यावरून अंगठ्याने तो तुकडा चाचपू लागले. दुसऱ्या हाताचं बोट धोतरावरच्या मोकळ्या जागेत फिरत होतं. बराच वेळ गेला. माझ्या तोंडाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "त्योच हाय... वाटतंय."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

इंजिन मिटलं, लॉरी निघाली. मिस्त्री न बोलावताच आले आणि सगळी वाट मडगार्डवर बसून बॉनेटला कान लावून राहिले. काका लोहाऱ्यात छाती काढून उतरले. सकाळी मुहूर्तावर लग्न लागलं. पंगती बसल्या, पण मिस्त्री जेवेनात. वरपक्षाचं कुणी वडीलधारं रुसलं, अशा समजुतीने माझे सासरे हात जोडून आले आणि त्यांनी मिस्त्रींना फेटा बांधला. मिस्त्रींनी फेटा ठेवून घेतला, जेवण नाही.

कंकण सोडायला आम्हां दोघांना पाटावर बसवलं तेव्हा ते बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत पुढे होते. नवरीने एका हाताने गाठ सोडली. तुकडा पडला तो त्यांनी वरच्यावर झेलला, खिशातून ते धोतराचं फडकं काढलं, बाकीचे तुकडे मांडले आणि तो मोकळ्या जागेत बसवला. रिंग पुरी झाली. मिस्त्रींनी फेट्याच्या शेवाने डोळे टिपले आणि म्हणाले, "वाढा आता." माझ्या लग्नासाठी त्यांनी नियम मोडला होता, आणि तेव्हापासून अन्नाचा घास त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता.

परतताना एका ओढ्याशी ड्रायव्हरने लॉरी थांबवली आणि इंजिनात घालायला पाणी आणायला गेला. माझी बायको तोवर माझ्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. ती कान देऊन काही ऐकत होती. मग खाली मान घालून म्हणाली, "गाडी बंद केली तरी आवाज येतोय की वो. आत काय मोडलंय का?"

"मिस्त्री झोपलेत," मी म्हणालो.

तिने पदराआडून मागे पाहिलं. आत्याच्या वळकटीला टेकून, नवा फेटा उशाशी घेऊन मिस्त्री तोंड उघडं टाकून घोरत होते.

"मंग गाडीला काय बी न्हाय," ती म्हणाली आणि निवांत टेकून बसली.