धरून ठेवलेली खुर्ची

आधीच सांगून टाकतो, हे लिहिताना मला लाज कमी आणि चीड जास्त येते आहे. मी परभणीतल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. भूत, भानामती, अंगात येणं, उतारे... यातलं मी काहीही मानत नाही. या सदरातले अनुभव आजवर वाचले ते चहाबरोबर हसायला म्हणून. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

आमचं घरही तसंच. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हारा गेला, आणि त्याच्याबरोबर नवस-सायास, बाहेरची बाधा, सगळंच गेलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गंगाखेडजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. गावात कुणी म्हणालं की त्या चिंचेवर हडळ आहे, की अण्णा अख्खा वर्ग त्याच चिंचेखाली नेऊन जेवायला बसवायचे. "कुठंय हडळ? बोलवा तिला, भाकर खाऊन जाईल." असा माणूस! म्हणून तर माझी जास्त पंचाईत झाली आहे.

आता मुद्द्याचं. आईचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, तेव्हापासून. त्यामुळे बस असो, लग्न असो की सिनेमा, तिला पाय लांब करायला कडेची जागा लागते. आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून दस्ती, म्हणजे रुमाल, आत टाकला की सीट आपली, हा न लिहिलेला कायदा आहे. गंगाखेडच्या टॉकीजमध्येही तेव्हा तेच चालायचं. नंबर-बिंबर काही नव्हते. दार उघडलं की पळायचं आणि खुर्चीवर दस्ती टाकायची.

पण अण्णांचा नुसत्या दस्तीवर भरवसा नव्हता. "दस्ती कुणीबी उचलून फेकतंय," म्हणायचे. ते सगळ्यांच्या आधी आत घुसायचे आणि कडेच्या खुर्चीवर स्वतः बसून राहायचे. पांढरा शर्ट, मांडीवर चौकड्यांची दस्ती. आई लंगडत येईपर्यंत हलायचे नाहीत. ती आली की उठायचे, दस्तीनं खुर्ची झटकायचे आणि शेजारी सरकायचे. मध्यंतरात आई उठली की परत तिच्या खुर्चीवर. कुणी हक्क सांगायला आलाच तर त्यांचं वाक्य ठरलेलं होतं : "मालकिणीचा पाय मुडपत न्हाई, तेवढी मेहरबानी करा." मला लहानपणी त्याची फार शरम वाटायची.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. दुपारी पेपर वाचता वाचता गेले, कुणाला त्रास नाही, काही नाही. पण त्यानंतर आईनं घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. अण्णा असताना दोघांना घर म्हणून खायला उठायचं. सुट्टी लागली की येलदरीला धरण बघायला चला, नाहीतर सिनेमाला चला. आता वसमत रोडवरच्या आमच्या घराचं गेट ही तिची हद्द झाली. विहारात चल म्हटलं तर नको, मावशीच्या नातीचं लग्न तर नको. "तुमी जा, मी घर बघते." घर काय पळून जाणार होतं? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या चालल्या-फिरल्या नाहीत तर दुसरा गुडघाही आखडेल, मग अंथरूणच. मी समजावून थकलो, रागावून थकलो. बायको संगीता म्हणायची, दमानं घ्या. दमानं घेऊन घेऊन माझाच दम निघाला.

तर एका रविवारी, कसं कोण जाणे, आई सिनेमाला तयार झाली. मी लगेच मोबाइलवर तिकिटं काढली. चार जणांची : मी, संगीता, आमची सृष्टी आणि आई. दुपारचा शो, नवं एसी थिएटर. पडदा चांगला दिसावा म्हणून रांगेच्या बरोब्बर मधल्या खुर्च्या निवडल्या आणि स्वतःवरच खूश झालो. आईच्या पायाची आठवण झाली ती रिक्षात. डोक्यावर हात मारून घेतला! आता ती म्हणणार, मला घरी सोड. आणि एकदा परत फिरली की पुन्हा निघायची नाही.

आत दिवे चालूच होते. हल्लीच्या त्या खुर्च्या तुम्हाला माहीत आहेत, आपण उठलो की बैठक खाड्कन वर मिटते. आमच्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्या अशाच वर मिटलेल्या. एक सोडून. कडेची. तिची बैठक खाली होती.

मी मनात म्हणालो, स्प्रिंग गेली. आई काठी टेकत मागून आली, त्या खुर्चीपाशी थांबली, पदरानं घाम पुसला आणि सरळ बसली. डावा पाय बाहेर लांब.

"आई, ती आपली नाही. इथं नंबर असतात," मी म्हणालो.

"धरलेली हाय," आई म्हणाली.

"कोणी धरली?"

ती पडद्याकडे बघत बसली. मला वाटलं, आता तमाशा होणार. खुर्चीचा मालक येणार, मी हातापाया पडणार, आई रुसणार. संगीता आणि सृष्टी मधल्या जागांवर गेल्या आणि मी आईशेजारी बसून दाराकडे बघत राहिलो. पहिला अर्धा सिनेमा मी पाहिलाच नाही. पण कोणी आलं नाही.

मध्यंतर झालं. संगीता आईला बाथरूमकडे घेऊन गेली. त्या दोघी उठल्या तेव्हाचं मला नीट आठवतं, कारण पुढे ते मी मनात हजारदा उगाळलं आहे. संगीताची खुर्ची खाड्कन वर मिटली. आईची मिटली नाही. खालीच राहिली.

ठीक आहे, स्प्रिंग गेलेली. मी सृष्टीला पॉपकॉर्नला पैसे दिले आणि बसून राहिलो. तेवढ्यात तिशीतला एक जण रांगेच्या कडेला येऊन उभा राहिला. एका हातात समोसे, दुसऱ्या हातात मोबाइलवर तिकीट. आला हा मालक! मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला. माझ्याकडे बघून नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून.

"काका, ही सीट माझी हाय." थोडं थांबला. मान वाकवली, मोठ्या माणसाचं ऐकताना आपण वाकवतो तशी. मग म्हणाला, "आसं व्हय. मुडपतच न्हाई का? मग ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. मेहरबानी कशाची त्यात? दोस्त लोक पुढं बसलेत, मी बी तिकडंच बसायलोय."

आणि गेला.

मला आधी वाटलं, फोनवर बोलतोय. पण त्याच्या कानात काही नव्हतं आणि मोबाइलवर तिकीट उघडं होतं. अंगावर काटा आला वगैरे लिहितात ना, तसं काही झालं नाही. मी दगडासारखा बसलो होतो, एवढंच. शेजारी बघितलं. लाल कापडाची बैठक, खाली. हात लावायची हिंमत झाली नाही, हेही लिहून टाकतो. माझ्यापासून वीतभर अंतर होतं... आणि मला काहीही दिसत नव्हतं. काही ऐकू आलं नव्हतं. अण्णांच्या विडीचा वाससुद्धा नाही!

आई आली, बसली, सिनेमा सुरू झाला.

सिनेमा सुटल्यावर मी आईला संगीताच्या हवाली करून पार्किंगकडे पळालो. तो सापडला, गाडीला किक मारत होता. मी विचारलं, "मघाशी तुम्ही कोणाशी बोललात?"

"ते काका की. तुमच्या शेजारचे."

"कसे होते दिसायला?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "कसे म्हंजे? तुमच्या संगंच व्हते ना? पांढरा शर्ट, मांडीवर दस्ती."

"आणि चेहरा? चेहरा कसा होता?"

"भाऊ, चेहरा कोण निरखून बघतंय? म्हाताऱ्या माणसानं विनंती केली, म्या व्हय म्हनलो. झालं काय पण? काय चोरीबिरी झाली का?"

काय सांगणार त्याला? मी नाही म्हणालो आणि तो निघून गेला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्यासारखा बिनडोक मीच.

घरी आल्यावर संगीताला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला कुणी दुसरं दिसलं असंल. तुमीच शिकवता ना पोरांना, डोळ्यांना भास होतेत म्हणून?" शिकवतो. पण भास झाला असता तर मला व्हायला हवा होता. अण्णा मला हवे आहेत, समोसेवाल्याला नाही! आईचा पाय वाकत नाही हे त्या परक्या माणसाला कोणी सांगितलं? अण्णांचा तो शब्द त्याच्या तोंडी कुठून आला? आईला विचारलं, "अण्णा होते का तिथं?" ती म्हणाली, "जागा धरलेली व्हती, मी बसले. तू कामून मागं लागलास?" आणि कूकर लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थिएटरात गेलो. दारावरच्या माणसाला काहीतरी हरवल्याचं खोटं सांगून आत शिरलो. कडेची खुर्ची वर मिटलेली होती. दाबली, सोडली, खाड्. पुन्हा दाबली, पुन्हा खाड्. तिची स्प्रिंग माझ्यापेक्षा धडधाकट होती. तो माणूस वैतागला. म्हणाला, सर, खुर्ची हरवलीय का तुमची?

तेव्हापासून मी दुपारच्या शोला एकटाच जातो. कडेच्या खुर्चीशेजारचं तिकीट काढतो. सिनेमे इतके रद्दी असतात की विचारू नका. एकदा तर अण्णांची चौकड्यांची दस्ती कपाटातून काढून नेली आणि कडेच्या खुर्चीवर ठेवली. हात काढल्याबरोबर बैठक मिटली आणि दस्ती खाली पडली. एका बाईनं ती उचलून दिली. आईला घेऊन परत गेलो तेव्हा आठवणीनं कडेचंच तिकीट काढलं होतं. त्या वेळीही ती खुर्ची इतर खुर्च्यांसारखीच वर मिटलेली. आईनं बैठक खाली केली, बसली आणि सिनेमा बघितला.

कोणाकडे याचा खुलासा असेल तर कळवा. माझ्याकडे नाही, आणि ज्याला विचारावं असा एकच माणूस होता. त्यानं मला आधी वेड्यात काढलं असतं.

परवा आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला राहवलं नाही. म्हणालो, "आई, मी इतक्यांदा गेलो. माझ्यासाठी एकदासुद्धा ती खुर्ची खाली राहिली नाही. मी त्यांचा कोणीच नव्हतो का?"

आईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"तुझे दोनी पाय धड हायत की," ती म्हणाली. "तुझ्यासाठी कशाला जागा धरतील ते?"

मग टरफलं पदरातून झटकत म्हणाली, "रविवारी जायचं का? कडेचं काढ."