साडूंचा धाकटा पी

आमच्या साडूंनी आयुष्यात सरकारशी जुळवून घेतलं, शेजाऱ्यांशी घेतलं, माझ्या मेहुणीशीसुद्धा घेतलं. जुळलं नाही ते फक्त कॉम्प्युटरवरच्या ऑटोकरेक्टशी. गंगापूर रोडच्या एका कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. त्यांनी ‘पीएच’ लिहावं, पी धाकटा आणि एच थोरला, आणि वाक्याच्या आरंभी आला म्हणून यंत्रानं त्या धाकट्याला परस्पर थोरला करून टाकावं, हे त्यांना जिव्हारी लागे. “हा कोण टिकोजीराव मला शिकवणारा?” म्हणत ते सेटिंगमध्ये शिरत. बरं, स्वतःचा कॉम्प्युटर सुधारून गप्प बसावं, तर तेही नाही. कुणाकडेही गेले की चहाच्या आधी कॉम्प्युटर मागत. आमच्या वास्तुशांतीला भटजी मंत्र म्हणत होते, तेव्हा हे आतल्या खोलीत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या संक्षिप्त रूपाला धक्का लागू नये म्हणून बंदोबस्त करत होते. “भाऊजी, आम्हाला ते कधी लागणार हो?” बायकोनं विचारलं. “सांगता येत नाही. असलेलं बरं,” ते म्हणाले. नाशिक रोडच्या एका झेरॉक्सवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. तो बिचारा हात जोडून म्हणाला, “काका, मी फक्त भाडेकरार टाइप करतो.” साडू म्हणाले, “करा की! पण उद्या एखादा शास्त्रज्ञ भाडेकरू आला, तर?”

त्यांची एकुलती एक लेक द्राक्षांच्या रोगांवर पीएच.डी. करत होती, दिंडोरीचे मळे तुडवत. तिचे कष्ट वाचावेत म्हणून साडूंनी तिच्या लॅपटॉपवर गुपचूप एक सोय करून ठेवली: दोन-तीन अक्षरांचा संक्षेप टाइप केला, की बुरशीचं लांबलचक लॅटिन नाव आपोआप उमटावं. प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी ती कागदाकडे बघत संक्षेपांनी तक्ते भरत बसली. मान वर करून बघते तर काय, चौकटीचौकटीत लॅटिन नावं ठाण मांडून बसलेली, रकाने फुगलेले आणि अर्धा तक्ता पानाबाहेर. साडू कौतुकाच्या अपेक्षेनं मागे उभेच होते. “बाबा, पुन्हा माझ्या लॅपटॉपला हात लावू नका!” ती रडत ओरडली.

प्रबंध वेळेवर गेला. पुढे ती नोकरीसाठी परदेशी गेली. पण साडूंनी तेव्हापासून कुणाच्याच कॉम्प्युटरला हात लावला नाही. आमच्याकडे येत, चहा पीत आणि खिडकीबाहेर बघत बसत. न राहवून मीच म्हणालो, “साडूभाऊ, नवा कॉम्प्युटर घेतलाय. जरा बघता का?” “नको. तुमचं तुम्ही बघा. आपलं आता कुणाला लागतंय?” ज्या उपद्रवाला आम्ही वर्षानुवर्षं हसलो, तोच परत यावा असं मला फार वाटलं.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे होतो आणि लेकीचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, इथला कॉम्प्युटर सारखा पी मोठा करतोय. कसं थांबवायचं?”

साडू खुर्चीत ताठ झाले. “घाई करू नकोस. आधी वर डावीकडे बघ. ‘फाईल’ दिसतंय?”

“दिसतंय. पुढे?”

तक्ते बिघडले त्या दिवशी वडिलांची प्रत्येक करामत याच पोरीनं एकटीनं शोधून शोधून पुसून टाकली होती, आणि तीही दुपारच्या जेवणाच्या आत.

“नाही कळलं, बाबा. परत सांगा ना,” ती म्हणाली.

“अगं, सोपं आहे,” म्हणत साडूंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.