समुद्राला सांडवा नसतो

जाळ्यात मासा येवो न येवो, किस्सा हमखास अडकतो! आमच्या कुरखेड्याच्या मच्छीमार सोसायटीने एकदा कोकणचा अभ्यासदौरा काढला, तेव्हापासून तर किस्स्यांचा नुसता ढीग झालाय.

*

दौऱ्यात सगळ्यांत वडील नामदेवभाऊ. निघताना त्यांच्या बायकोने बजावलं, "येताना समुद्राचं पानी आना जी, भाजीत मीठ टाकाचं कामच नाई!"

*

आमच्याकडे जाळं टाकण्याआधी तलावाचं ओंजळभर पाणी पितात. कोकणात समुद्राजवळच्या एका तळ्यावर आम्हाला नेलं, तिथेही भाऊंनी ओंजळ तोंडाला लावली आणि फुर्रकन थुंकले!

"मीठ कोनं सांडलं गा?"

तिथले मच्छीमार तात्या आधी खो खो हसले. मग म्हणाले, "पाणी गोडा होता. आता समुद्र वर चढलो, भरतीक आत येता. मासे मेले. एखादो पावसाळो बघतंय, नायतर तळा सोडूचा लागतला."

*

दौऱ्यावर सोबत आलेल्या मत्स्यखात्याच्या साहेबांनी लेक्चर दिलं. बर्फ वितळतो, समुद्र वाढतो, वगैरे. भाऊंचा हात वर!

"पानी वाढलं तं सांडवा खोला ना साहेब!"

"अहो, समुद्राला सांडवा नसतो."

"मंग बांधला कोनं असा?"

*

तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, फुटली की आमचं अख्खं गाव माती टाकतं. तात्यांचं तळं बुडताना आम्ही बसून कसे राहणार? फावडी मागितली, शर्ट काढले, दुपारपर्यंत झकास पार उभी! मग ऐटीत जेवायला गेलो.

परत आलो तर भरती येऊन गेलेली. पार गायब. वर भाऊंच्या चपलाही गायब!

तात्या म्हणाले, "म्हणान मी चपला वर माडाखाली ठेवतंय."

भाऊ कुरखेड्यापर्यंत अनवाणी आले.

*

पुढच्या हिवाळ्यात तात्या आमच्याकडे आले. तलावावर उतरून त्यांनी एक ओंजळ प्यायली, मग दुसरी, मग तिसरी.

"तुमचं तळं कसं हाय जी?" भाऊंनी विचारलं.

"सोडलंय."

आम्ही जाळी टाकून बसलो. थोड्या वेळाने तात्या उठले, काठावरच्या आमच्या सगळ्यांच्या चपला गोळा केल्या आणि पारीवर, मोहाच्या झाडाखाली नीट मांडून ठेवल्या!

हसून हसून आमची पोटं दुखली. "तात्या, इथी भरती नाई येत जी!" तात्याही लाजून हसले.

दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांना एसटीत बसवून आम्ही तलावावर आलो. भाऊंनी पारीवरच नव्या चपला काढल्या आणि मोहाखाली ठेवल्या.

"काऊन जी भाऊ?" मी विचारलं.

"जाळं टाक," भाऊ म्हणाले.