डुकराचा रकाना

माझी धाकटी बहीण क्षयानं खंगत होती. डॉक्टर म्हणाले, मांस, अंडी, काहीही द्या, पण अंगात ताकद येऊ द्या. उज्जैनातल्या आमच्या मराठी घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य होता. तिला मुगाचं पाणी मिळत राहिलं.

संडास साफ करायला येणारी बाई एका सकाळी मागच्या दारी झाकलेला डबा घेऊन उभी राहिली. “बाईसाब, सूअर का शोरबा है. मेरी छोरी इसीसे उठ के बैठी.”

“अरी, हमारा धरम डुबोएगी क्या?” आई ओरडली. डब्याला हात लावणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं त्या बाईलाच तो गटारात ओतायला लावला. मी शाळेत प्रथिनांचा धडा पाठ केलेली मुलगी. तरी गप्प राहिले.

बहीण दिवाळीआधी गेली.

त्याच हिवाळ्यात मध्यभारत हे राज्य संपून नवं, मोठं राज्य झालं. वडील पुरवठा खात्यात होते. कुठल्या भागात लोक कोणतं मांस किती खातात, याचा तक्ता नव्या राजधानीला, भोपाळला पाठवायचा होता. वडील चौकशीला कुठेच गेले नाहीत. घरीच बसून सांगत गेले आणि मी लिहीत गेले.

“बाबा, डुकराच्या रकान्यात?”

“शून्य. उज्जैनात कोण खातं?”

“बस्तीत खातात. ती बाई नाही का...”

“त्यांचं काय लिहायचं? शून्य लिही.”

मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं.