म्हशीनं पसंत केलेला सायलेन्सर

दादाच्या गाडीला नवा सायलेन्सर घ्यायचं ठरलं, तेव्हा तो पसंत करायचा अधिकार आमच्या घरात एका म्हशीकडे होता. यात मी काहीही वाढवून सांगत नाही. उलट बरंच विसरले असेन.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. शिवाजी पेठेत आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चार म्हशी होत्या. दादा माझा थोरला भाऊ. तो उद्यमनगरात लेथवर काम करायचा आणि रविवारी चिखलातल्या मोटारसायकल शर्यतीत उतरायचा. त्याच्या शंभर सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीचे दिवे, आरसे, मडगार्ड सगळं काढून त्यानं तिला शेतातल्या ट्रॅक्टरसारखे खडबडीत टायर चढवले होते. रविवारी शर्यत खेळणारी ही गाडी सोमवारी वैरणीचा भारा आणायची. मी तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. घरात माझ्या इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यापुरता होता.

आमच्याकडे पाडव्याला म्हशी पळवतात. दिवाळीच्या पाडव्याला म्हैस धुऊन, तेल लावून, शिंगं रंगवून, शिंगांना मोरपिसं बांधून रस्त्यावर आणायची. मालक मोटारसायकलवर पुढे. म्हशीला दोरी नाही, काठी नाही. मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून तिनं एवढ्या गर्दीतून मागे धावत यायचं. ज्याची म्हैस आली त्याची मान वर. ज्याची न येता चहाच्या गाड्यापाशी उभी राहिली, त्याला पुढची दिवाळी येईपर्यंत पेठ विसरू देत नाही.

आमच्या थोरल्या म्हशीच्या कानात रेडकू असल्यापासून एकच आवाज होता, दादाच्या गाडीच्या पुंगळी काढलेल्या सायलेन्सरचा. पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या पोटातली आवाज खाणारी नळी. कोल्हापुरात गाडी घेतली की पहिली ती काढतात, पूजा नंतर. पाडव्याला आबाच ही गाडी घेऊन पुढे असायचे. पण त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यानं किक मारायला नकार दिला, आणि त्यांनी तालमीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, "औंदा थोरला पोरगा म्हस काढणार."

नेमका त्याच पावसाळ्यात दादानं एका उंचवट्यावरून गाडी उडवली आणि सायलेन्सर दगडावर आपटून मधोमध उकलला. त्याला आधीच इतकी ठिगळं होती की नवीन ठिगळ लावायला मूळचा पत्रा शिल्लक नव्हता. दादानं चेहरा पाडून ही बातमी घरी सांगितली. पण मी त्याला लहानपणापासून ओळखत होते. आतून तो खूश होता. शर्यतीचा खास सायलेन्सर घ्यायला त्याला दोन वर्षं निमित्त मिळत नव्हतं.

आबा म्हणाले, "लाव की काय लावायचं ते. सोन्याचा लाव. पन म्हस मागनं आली पायजे."

दादानं पुण्याहून एक मागवला. चकचकीत, आखूड आणि मधे फुगलेला, अजगरानं कोंबडी गिळावी तसा. तो लावून आम्ही पहाटे पंचगंगेकाठच्या माळावर गेलो. मी म्हशीचा कासरा धरून उभी राहिले. दादा शंभर पावलं लांब गेला, गाडी चालू केली आणि मूठ पिळली. आवाज असा आला, की कुणीतरी पत्र्याच्या डब्यात हजार मधमाश्या कोंडून डबा आपटतंय. मी कासरा सोडला. म्हशीनं एकदा दादाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शांतपणे वळून नदीत जाऊन बसली. नाकापर्यंत.

दादा मूठ पिळतच राहिला. तेवढ्यात माळाच्या पलीकडून एक अनोळखी म्हैस शेपूट वर करून धावत आली आणि त्याच्या मागच्या चाकाला नाक लावून उभी राहिली. तिच्यामागून एक गृहस्थ लुंगी सावरत आले.

"ओ पावणं! म्हस माझी हाय!"

"न्या की मग. मी बोलिवलीय व्हय?"

"मग हिकडं कशी आली?"

"तिला इचारा!"

त्या गृहस्थांनी दादाचा सायलेन्सर पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आमच्या पोरानं पन ह्योच आनलाय पुन्यासनं," ते म्हणाले. "लै भारी हाय न्हवं?" मग आपली म्हैस घेऊन निघून गेले. आमची म्हैस नदीतून हे सगळं बघत होती.

पाडव्याला पंधरा दिवस राहिले होते.

दादानं मग दुसरा मार्ग काढला. त्याच्या कुणा शर्यतीतल्या मित्रानं बंगळूरहून इंग्रजी पानांच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर कसा आखावा, कुठला भाग किती लांब, याची ती पानं होती. ती घेऊन दादानं मला उद्यमनगरात एका मिस्त्रीकडे नेलं. हे मिस्त्री सीमेकडचे, बोलण्यात निम्मं कानडी. त्यांचा मुख्य धंदा गुऱ्हाळाच्या काहिली, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढया, करण्याचा. पत्रा त्यांच्या हातात कणकेसारखा वळायचा. वयानं ते माझ्या आबांएवढे, तरी मला अक्का म्हणायचे.

"अक्का, वाचा. हळू वाचा. मी काय बी.ए. न्हाय."

मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. इंजिनातून जळालेली हवा बाहेर पडते, तिच्यामागोमाग थोडं न जळालेलं पेट्रोलही निसटतं. सायलेन्सरचं पोट पुढे निमुळतं होत गेलं, तर हवेचा धक्का त्या निमुळत्या भागावर आपटून मागे फिरतो आणि निसटणारं पेट्रोल पुन्हा आत ढकलतो.

मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं. "म्हंजे घरातनं निघालेल्या पावण्याला दारात गाठून परत आत ढकलायचं. चा घेऊन जावा म्हनून."

"तसंच," मी म्हटलं.

पुढं लिहिलं होतं, की नळी आखूड ठेवली तर गाडी फार वेगात गेल्यावर जोर दाखवते, लांब ठेवली तर कमी वेगातच ओढ देते. दादाला आखूड हवी होती. मिस्त्रींनी त्याला विचारलं, "चिखलात किती पळतोस?"

"पळत कुटं, रुततोय की."

"मग लांब कर की शान्या."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी पानात डोकं घातलं.

चार दिवसांत मिस्त्रींनी पत्र्याचे तुकडे कापून, वळवून, जोडून एक लांबलचक सायलेन्सर उभा केला. त्याला ना चकाकी, ना नाव. गाडीच्या बाजूला तो लावल्यावर असं वाटायचं की गाडी काखेत सुरण घेऊन बाजाराला निघालीय. पण आवाज खोल आला, पोटातून. दादानं माळावर एक फेरी मारली आणि परत येऊन काही बोलला नाही. त्याला गाडी आवडली की तो बोलायचा बंद व्हायचा.

म्हशीनं मान वर केली. कान पुढे आले. ती चार पावलं चालली. मग ती थांबली आणि परीक्षेत अर्धं उत्तर आठवलेल्या मुलासारखी उभी राहिली.

"ये की ग बाई," दादा लांबून ओरडला. "काय पाप केलंय मी?"

तो पुन्हा पुन्हा गेला आला. दर वेळी चारच पावलं.

आता आठ दिवस. आबा रोज संध्याकाळी धार काढताना विचारायचे, "आली?" दादा म्हणायचा, "चार पावलं." मग आबा म्हशीच्या अंगाला डोकं टेकून धार काढत राहायचे. दादाला ते ओरडण्यापेक्षा जड जायचं. एकदा रात्रीच्या जेवणाला तो मला म्हणाला, "गाडीवर मी चांगला हाय. पन आबा पुढं असायचे तवा म्हस यायची. मी हाय म्हनून येत न्हाई, असं तर नसंल?" त्यानं हे भाकरी मोडता मोडता, माझ्याकडे न बघता विचारलं. इंग्रजी पानांत यावर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून मिस्त्रींकडे गेले. चार पावलांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "जुना कुटाय?"

जुना गोठ्यात पडला होता. मी तो पोत्यात गुंडाळून रिक्षानं आणला. मिस्त्रींनी त्याचा उकललेला पुढचा भाग कापून टाकला. मागचं टोक, जिथून आवाज बाहेर पडतो तेवढं हातभर, शाबूत होतं. ते त्यांनी नव्या सायलेन्सरच्या शेपटाला जोडलं. सांध्यावरचा काळा फुगवटा तसाच ठेवला.

"पोट नवं, गळा जुना," ते म्हणाले. "वळखंल आता. न्हाई वळखलं तर म्हस बदला."

त्या संध्याकाळी माळावर मी कासरा सोडला आणि म्हैस गेली. मला ढकलून गेली. मी चिखलात बसले होते आणि लांबून दादाचं हसणं ऐकू येत होतं.

पण माळ वेगळा आणि पाडवा वेगळा. शिवाय पेठेत एक नियम होता. पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं म्हणजे आपल्या म्हशीवर भरवसा नाही, आणि मग म्हैस आली तरी ती आली धरत नाहीत. पाडव्याच्या सकाळी दादानं मला बाजूला घेतलं.

"तू पुढं कोपऱ्यावर उभी ऱ्हा, मला दिसशील अशी. मागनं म्हस आली तर हात वर कर."

"आणि नाही आली तर?"

"तर मी थांबत न्हाई. तसाच रत्नागिरीला जातो. आबांना सांग, पत्र पाठवीन."

कोपऱ्यावर मी उभी राहिले. हलगी, फटाके, माणसं. आबा पलीकडच्या पायरीवर काठी धरून बसले होते. वळणावरून आधी तो खोल आवाज आला, मग दादा आला. त्याच्यामागे टू-स्ट्रोकचा निळा धूर, त्यात फटाक्यांचा पांढरा, आणि त्या धुरात काहीच दिसत नव्हतं. दादा सरळ माझ्याकडे बघत येत होता. इतकं कळवळून त्यानं माझ्याकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझे हात खालीच होते. खोटा हात वर करावा असं क्षणभर मनात आलं, हे कबूल करते.

मग धुरातून मोरपिसं निघाली. त्यांच्याखाली लाल शिंगं, त्यांच्याखाली आमची म्हैस, तोंड मागच्या चाकापासून वीतभरावर. मी दोन्ही हात वर केले. एक चप्पलही वर गेली असावी, कारण ती मला नंतर शेजारच्या ओट्यावर सापडली. दादा माझ्याजवळून गेला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. धुरानं, असं तो नंतर म्हणाला.

आबा म्हणाले, "आली." एवढंच. आणि उठताना काठी विसरले.

पुढच्या महिन्यात शिरोळकडच्या शर्यतीत दादा दुसरा आला. पुण्याचे चकचकीत सायलेन्सर लावलेले स्वार टँकरनं भिजवलेल्या चिखलात जागच्या जागी चाकं फिरवत होते, आणि हा सुरण काखेत घेऊन त्यांच्या बाजूनं निघून गेला. कुणी विचारलं हा कुणी पसंत केला, तर दादा गंभीरपणे सांगायचा, "म्हशीनं." लोकांना वाटायचं तो सांगायचं टाळतोय.

दादा गेल्या पावसाळ्यात गेला. आठवड्याचा ताप, बाकी काही नाही. त्याआधी म्हैस गेली होती, आबाही गेले होते. गाडी वर्षभर गोठ्यात उभी होती. वहिनी आणि मी तिच्यावरून रोज फडकं फिरवायचो, पण किक कुणीच मारली नाही. शेवटी वहिनीनंच ती न्यायला कुरुंदवाडच्या एका गृहस्थांना बोलावलं. ते जुन्या टू-स्ट्रोक गाड्या गोळा करून सांभाळतात.

ते गाडीभोवती फिरले, वाकून बघितलं. "ह्यो काय परकार म्हनायचा?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. "मग ह्यो काडत न्हाई," ते म्हणाले. "असाच ठेवतो."

तिसऱ्या किकेला गाडी लागली. तो आवाज बोळात भरला. त्यांनी हात केला आणि गाडी हळूहळू निघाली. नियम माहीत असल्यासारखं त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"वन्सं!" मागून वहिनीची हाक आली. "अवो वन्सं, कुटं निघालाय?"

मी थांबले. बोळ संपून मी कोपऱ्याच्याही पुढे आले होते. पायात चपला नव्हत्या. समोर निळा धूर विरळ होत होता.

"कुठं नाही," मी म्हटलं, आणि आवाज पुरता थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले.