सेमिनारची सुरुवात कानडीत

वर्गात मी बोलत नसे. जत तालुक्यातल्या गावातून सांगलीला कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. शाळा मराठीतून झाली, पण घरात कानडी. त्यामुळे तोंड उघडलं की कुणीतरी विचारायचं, ‘‘तू कुठली गं?’’ त्यात वाईट काही नसायचं, तरी मला अवघडल्यासारखं व्हायचं. मग गप्पच बसायची सवय लागली.

राज्यशास्त्राच्या सेमिनारला मात्र गप्प बसून चालणार नव्हतं. विषय मिळाला, राज्याची राजभाषा कशी ठरते. विषय समजला होता. सगळ्यांसमोर उभं राहून तो मला मांडता येईल का, एवढाच प्रश्न होता.

आदल्या रविवारी घरी होते. आई अंगणात ज्वारी पाखडत होती. म्हणाली, ‘‘मलाच सांग की. मी काय मार्क कापणार नाही.’’ आईला मराठी बाजारापुरती येते, म्हणून मी कानडीत सांगायला बसले.

‘‘राज्याची भाषा कोण ठरवतं? कलेक्टर?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही गं. विधिमंडळ, कायदा करून.’’

‘‘दिल्लीवाले नाही सांगत?’’

‘‘घटनेनं ते राज्यावर सोडलंय. राज्यात चालणाऱ्या भाषांतली एक घ्या, जास्त घ्या, नाहीतर हिंदी घ्या.’’

‘‘मग आपली का नाही घेतली?’’

इथं मी अडखळले. पुस्तक काढून बघितलं आणि सांगितलं, ‘‘राज्यातल्या बऱ्याच लोकांनी मागणी केली आणि राष्ट्रपतींना पटलं, तर तिलाही मान्यता द्यायला ते राज्याला सांगू शकतात.’’

‘‘आणि तोवर मला कचेरीत तक्रार करायची झाली तर?’’

‘‘राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कर. तेही घटनेतच आहे.’’

आईचं सूप थांबलं. ‘‘मग टँकरवाल्याची तक्रार मी कानडीतच करणार. मराठीत मला नीट भांडता येत नाही!’’

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारची काकू बघायला आली. मग तिलाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. संध्याकाळपर्यंत विषय तोंडपाठ झाला.

सेमिनारच्या दिवशी मॅडमनी हाक मारली. फळ्यासमोर गेले, समोर पाहायचं नाही म्हणून पंख्याकडे बघितलं आणि सुरू केलं. आश्चर्य म्हणजे, अजिबात अडखळले नाही. छान वाटायला लागलं. मग सहज खाली नजर गेली. मॅडमचा पेन थांबला होता, आणि सगळा वर्ग तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. मागच्या बाकावरचा म्हसवडचा मुलगा शेवटी म्हणालाच, ‘‘अगं ए, आमी काय पाप केलंय? आमालाबी कळू दे की!’’

मी कानडीत बोलत होते! आईला सांगितलं होतं तसंच्या तसं.

वर्गात हशा पिकला. मला वाटलं, आता खाली बसावं. पण तेवढ्यात माझं मलाच हसू आलं, आणि एकदा हसल्यावर भीती कशाला राहते? मॅडम म्हणाल्या, ‘‘बसू नकोस. आता हेच आम्हाला मराठीत सांग.’’

मग मी आईचे प्रश्न जसेच्या तसे घेतले. कलेक्टर ठरवतो का, दिल्ली ठरवते का. टँकरवाल्याचं सांगितलं तेव्हा मॅडमसुद्धा हसल्या.

म्हसवडवाल्यानं हात वर केला. ‘‘पण एका राज्याला दोन भाषा चालतात व्हय?’’

‘‘चालतात की. गोव्यात बघ. कायद्यानं राजभाषा कोकणी, पण सरकारी कामाला मराठीही वापरता येते.’’

‘‘लय भारी! मंजे आपली मराठी तिकडं पाव्हणी?’’

‘‘आणि माझी कानडी इकडं,’’ मी म्हणाले. हे मी लिहून आणलेलं नव्हतं. आपोआप आलं.

त्यावर कुणीतरी विचारलं, कायदाच केला नाही तर काय? मी सांगितलं, तोवर आधीसारखी इंग्रजीच चालू राहते. दुसरीनं विचारलं, शाळेचं काय? मी फळ्यावर लिहून दाखवायला लागले. घंटा झाली ती मला ऐकूच आली नाही. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे होते.

मी हातात खडू धरूनच वळले आणि म्हणाले, ‘‘सर, फक्त एक मिनिट. माझं अजून बोलायचं राहिलंय.’’